पडद्याच्या मागून पाहिलेला 'मिस्टर इंडिया'

पारिजात_७९

गेल्या शनिवारी लेकीला शेजारी बसवून 'मिस्टर इंडिया' पुन्हा पाहिला. लेक आठ वर्षांची आहे, तिसरीत. तिला पहिल्यांदा, मला कितव्यांदा ते आठवत नाही. त्यानंतर चार दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून हा धागा.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९८९ च्या गणपतीत, लालबागला आमच्या चाळीच्या गल्लीत. सिनेमा १९८७ चा, पण थिएटरात जाऊन पाहण्याइतके पैसे घरात नव्हते. गणपतीत मंडळ एक दिवस सिनेमा लावायचं. दोन बांबूंच्या मध्ये पांढरा पडदा ताणायचे आणि रस्त्याच्या मधोमध टेबलावर मशीन ठेवायचे. समोरची जागा दुपारपासून सतरंज्या टाकून अडवलेली असायची. आम्ही भावंडं जेवून खाली उतरेपर्यंत तिथे पाय ठेवायलाही जागा उरली नव्हती. मग पडद्याच्या मागच्या बाजूला पोतं अंथरून बसलो.

मागूनही सगळं दिसतं, फक्त उलटं. सुरुवातीची नावं आरशातल्यासारखी, डावं ते उजवं. त्यामुळे अनिल कपूरच्या मनगटावरचं ते अदृश्य करणारं यंत्र (आम्ही त्याला घड्याळच म्हणायचो) माझ्या आठवणीत इतकी वर्षं भलत्याच हातात होतं. शनिवारी ते दुसऱ्या हातात दिसलं आणि मी दचकले. मोठ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आपण मागे बसलो होतो ना!" पस्तीस वर्षांनी उलगडा झाला.

मला खरं लिहायचंय ते वेगळंच. लहानपणी वाटायचं, हा अदृश्य माणसाचा सिनेमा. आता पाहिला तर तो स्वयंपाकघराचा सिनेमा निघाला. घड्याळ हाती येईपर्यंत किती वेळ जातो बघा. तोवर आपण त्या घरातच राहायला गेलेलो असतो. दहा पोरकी मुलं, व्हायोलिन वाजवणारा अरुण (अनिल कपूर), भाड्यासाठी तगादा लावणारा घरमालक, खडे मिसळलेलं धान्य विकणारा दुकानदार, ओट्यापाशी उभा सतीश कौशिकचा कॅलेंडर आणि वरच्या मजल्यावर भाड्याने आलेली, मुलांचा राग राग करणारी श्रीदेवी. फुटबॉलवरून त्यांची केवढी भांडणं! मुलं उपाशी झोपायची वेळ येते तेव्हा तिचं मन पालटतं. विज्ञानाचा चमत्कार त्यानंतर येतो, आणि त्या माणसाला तो लागतो कशासाठी, ते आपल्याला आधीच ठाऊक झालेलं असतं. सलीम-जावेद यांची ही एकत्र लिहिलेली शेवटची पटकथा. शेखर कपूरचा त्याआधीचा सिनेमा 'मासूम', तोही घराचाच आणि मुलांचाच. त्यामुळे ह्या सिनेमातली मुलं सजावटीला आणून बसवल्यासारखी वाटत नाहीत.

त्या मुलांतली छोटी टीना बॉम्बस्फोटात जाते, तो प्रसंग आला आणि लेक ढसाढसा रडली. मी टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने तिनेच परत लावायला सांगितला. रात्री अंथरुणात विचारलं, "आई, त्याच्याकडे घड्याळ होतं ना? मग तो वेळेवर का नाही पोचला?" मला उत्तर सुचलं नाही.

तुम्ही हा सिनेमा कुठे पाहिलात? आणि आठ वर्षांच्या मुलीला तो प्रसंग दाखवला, हे माझं चुकलं का? मनापासून विचारतेय.

तिकीटबारी

छान लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे.

ह्या सिनेमातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट पडद्यावर कुणी सांगत नाही, ती आपली आपल्याला कळावी लागते. घड्याळाचं गुपित अरुणला सांगणारे प्रोफेसर सिन्हा म्हणजे अशोक कुमार. हेच अशोक कुमार १९५७ च्या 'मिस्टर एक्स'मध्ये स्वतः अदृश्य माणूस झाले होते! पुढे १९६४ साली 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आला, त्यात अदृश्य व्हायची पाळी धाकट्या भावाची, किशोर कुमारची. आणि 'मिस्टर इंडिया'त पावसातल्या त्या गाण्यात अदृश्य नायकाचा आवाज कुणाचा? पुन्हा किशोर कुमारचाच, अलिशा चिनॉयसोबत. म्हणजे थोरल्याने गुपित दिलं आणि धाकट्याने आवाज दिला. किशोरदा त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९८७ ला गेले. ते गाणं लागलं की मला हे आठवतंच.

रीळवाला

पारिजातताई, तुमच्या चाळीत नाही, पण परळ-शिवडी भागातल्या गल्ल्यांत १६ मिमीचं मशीन मी चालवलंय, ८६ पासून पुढे सात-आठ वर्षं. गणपती, नवरात्र आणि सत्यनारायणाच्या पूजा. 'मिस्टर इंडिया'ला इतकी मागणी असायची की रिळांचे डबे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सायकलवरून पळवावे लागत.

सिनेमा तीन तासांचा. आमच्याकडे मशीन एकच, म्हणून रीळ संपलं की थांबायचं. दिवा लागायचा, बायका चहा टाकायला घरात पळायच्या, पोरं मशीनभोवती गोळा व्हायची. प्रिंट पुष्कळ फिरलेली असली की दातऱ्या (फिल्मच्या कडेची भोकं) फाटलेल्या असायच्या. मग लूप (मशीनमधला फिल्मचा सैल वळसा) सुटायची, चित्र थरथरायला लागायचं आणि गल्लीतून एकच आरडाओरडा. बोटाने लूप परत बसवायची, फिल्म तुटली असेल तर तिथेच खरवडून फिल्म जोडायचं सिमेंट लावून जोडायची. 'हवा हवाई'चं रीळ सगळ्यात जास्त झिजलेलं असायचं, कारण लोक ते परत लावायला लावत. मी लावायचो.

मूर्ती चोरणाऱ्या बॉब ख्रिस्टोला मारुतीची सोन्याची मूर्ती हवेतून येऊन बडवते, तिथे माझ्या मशीनचा आवाज मलाही ऐकू येत नसे. टीना जाते तेव्हा मात्र मशीनची घरघर तेवढी उरायची. माणसं गच्च भरलेली गल्ली एवढी गप्प झालेली मी एरवी पाहिली नाही. पुढच्या रांगेत पोरंच असायची, आणि त्यांना कुणी उठवून घरी नेत नसे. तुमचं चुकलं असं मला वाटत नाही.

निरभ्र

मलाही हा सिनेमा आवडतो, पण परवा पाहताना दोन ठिकाणी अडखळलो ते लिहितो.

एक, उत्तरार्ध लांबलाय. खलनायक मोगॅम्बोचं बेट, क्षेपणास्त्रं, उकळत्या आम्लात उड्या टाकणारे शिपाई हे सगळं परदेशी गुप्तहेरपटांतून उचललेलं वाटतं. त्या घरातला जिवंतपणा तिथे पातळ होतो.

दुसरं जास्त टोचलं. 'हवा हवाई'मध्ये श्रीदेवीच्या मागे नाचणाऱ्यांची तोंडं काळी रंगवली आहेत. लहानपणी लक्षातही आलं नव्हतं. आता माझा मुलगा शेजारी बसून पाहत होता आणि त्याच्या वर्गात एक नायजेरियन मुलगा आहे. मी सिनेमा थांबवून त्याला सांगितलं की हे तेव्हा सर्रास करायचे आणि ते बरोबर नव्हतं. गाणं तरीही पूर्ण पाहिलं, कारण श्रीदेवी.

जाईजुई

निरभ्र, दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मुलांना थांबवून सांगायलाच हवं.

श्रीदेवीबद्दल मात्र कुणी तरी सविस्तर लिहायलाच हवं, म्हणून मी लिहिते. त्या गाण्याच्या सुरुवातीला नुसते निरर्थक शब्द आहेत. त्या शब्दांवर तिचे डोळे बघा. प्रत्येक शब्दाला वेगळा चेहरा: एकाला घाबरलेला, दुसऱ्याला लाडिक, तिसऱ्याला एकदम खट्याळ. नृत्य सरोज खानचं. आवाज कविता कृष्णमूर्तीचा, आणि त्यात एके ठिकाणी 'जानू'च्या जागी 'जीनू' म्हटलं गेलंय. ती चूक तशीच ठेवली. मी गाणं शिकते, त्यामुळे ती जागा आली की मला फार बरं वाटतं. एवढ्या मोठ्या गाण्यात एक चूक राहिली आणि गाण्याचं काहीही बिघडलं नाही.

आणि जुगाराच्या अड्ड्यावरचा चार्ली चॅप्लिन! ती टोपी, ती काठी, ते फेंगडे पाय. हिंदी सिनेमात त्या काळात नायिकेला विनोद द्यायचेच नाहीत. विनोदाला वेगळा नट असायचा, नायिकेने लाजायचं नाहीतर रडायचं. इथे सगळ्यात मोठा विनोदी प्रसंग नायिकेचा आहे, आणि त्यात तिला सुंदर दिसायची जराही काळजी नाही. २०१८ मध्ये ती गेली त्या दिवशी मी हाच प्रसंग लावून बसले होते.

प्रकाशवेडा

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हा सिनेमा दर वर्षी वर्गात आणतो. दाखवत नाही, सगळ्यांनी पाहिलेला असतोच. प्रकाशाचा धडा सुरू करताना विचारतो, "मिस्टर इंडियाला स्वतःला दिसत असेल का?"

वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, "सर, नाही दिसणार!" बरोबर. आपल्याला दिसतं, कारण डोळ्यातलं भिंग किरण वळवतं आणि मागचा पडदा ते शोषून घेतो. सगळं शरीर प्रकाशाला आरपार जाऊ देत असेल, तर डोळ्यातही काही अडणार नाही, म्हणजे अदृश्य माणूस ठार आंधळा. एच. जी. वेल्सने १८९७ मध्ये अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली. त्यातली ही अडचण याकोव्ह पेरेलमान या रशियन लेखकाने आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात फोड करून सांगितली आहे.

आता लाल प्रकाश. सिनेमात तो अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो. पण उन्हात लाल रंग असतोच, घरातल्या बल्बच्या उजेडात तर भरपूर असतो. म्हणजे लाल प्रकाश त्याच्यावरून परतत असेल, तर भर दुपारी रस्त्यावर तो लालसर दिसायला हवा. शिवाय लाल काच लपवायच्या कामाला जास्त चांगली. पांढऱ्या कागदावर लाल पेनने काही लिहा आणि मखराचा लाल जिलेटीन कागद डोळ्यांसमोर धरा. अक्षरं गायब! निळ्या पेनने लिहिलेलं मात्र काळंभोर दिसतं. पारिजातताई, लेकीला हे जरूर करून दाखवा.

ह्यामुळे मला सिनेमा कमी आवडतो असं अजिबात नाही. लाल काचेची युक्ती पटकथेसाठी फार हुशारीची आहे. एवढ्या ताकदवान माणसाला कुठेतरी पकडता यायलाच हवं, नाहीतर गोष्टीत जीव राहणार नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका छोट्या तांब्याच्या नळकांड्याभोवतीने सूक्ष्मलहरी वळवून ते त्या लहरींपासून बऱ्याच अंशी लपवलं होतं. मुलांना हे सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, घड्याळ कधी येणार?"

वऱ्हाडी_मिरची

मोगॅम्बोचा तो सोनेरी झालरीचा झगझगीत पोशाख शिवला कोणी, माहीत आहे का? आपल्या माधव अगस्तींनी! कितीतरी खलनायकांचे कपडे त्यांच्या हातचे. आमचे आजोबा शिंपी होते. सिनेमा लागला की ते मोगॅम्बोच्या खांद्याकडे बोट दाखवत, "ते भरतकाम पाय, बाहीची बसण पाय," म्हणत. संवादांकडे त्यांचं लक्षच नसे.

मोगॅम्बो झालेल्या अमरीश पुरींबद्दल थोडं अवांतर. सिनेमात नाव होण्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली आणि संध्याकाळी सत्यदेव दुब्यांकडे नाटकं. दुब्यांनी काढलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या मराठी सिनेमातही ते आहेत. खुश झाल्याचं ते एकच वाक्य सिनेमात कितीदा येतं, आणि दर वेळी वजन वेगळं. रंगभूमीवर मुरलेल्या माणसालाच ते जमतं.

गिरणगाव

मी सहसा नुसता वाचतो. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील साचेखात्यात (मागांच्या खात्यात) होते. मी सात वर्षांचा. संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही, नुसता विरत गेला. त्या वर्षांत आमच्या घरात दुकानदाराचं वहीतलं खातं हा सगळ्यात मोठा विषय होता. आई मला पाठवायची, कारण लहान मुलाला दुकानदार सगळ्यांदेखत फार बोलत नसे. मिळायचा तो तांदूळ ताटात पसरून खडे वेचायचं काम माझं आणि बहिणीचं. वेचलेले खडे आई एका वाटीत ठेवायची, का ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यामुळे त्या सिनेमातला धान्याचा दुकानदार पडद्यावर आला तेव्हा माझे वडील, जे सिनेमात कधीच काही बोलत नसत, मोठ्याने म्हणाले, "ह्याला धर." पारिजातताई, तुम्ही स्वयंपाकघराचा सिनेमा म्हणालात ते वाचून मला वडिलांचा तो आवाज ऐकू आला. अदृश्य माणूस हाती आलेल्या शक्तीचं काय करतो, तर साठेबाज आणि भेसळवाले शोधतो. आमच्या गल्लीत कुणालाही शक्ती मिळाली असती, तर त्याने तेच केलं असतं.

टीनाबद्दल. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बॉम्ब फुटले होते. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे तेव्हापासून मुलांना शिकवायला लागले. म्हणजे तो प्रसंग लेखकांनी हवेतून काढला नव्हता. आणि १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले तेव्हा मी कॉलेजात होतो, घरी चालत आलो. बहीण दारात उभी होती. तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "मला टीनाच आठवत होती." लेकीला कधीतरी हे कळणारच. तुमच्या शेजारी बसून कळलं ते बरं झालं.

जाईजुई

गिरणगाव, लिहीत राहा.

निरभ्र

गिरणगाव, उत्तरार्धाबद्दल मी वर लिहिलं ते अर्धं मागे घेतो. बेट मला अजूनही लांबलेलं वाटतं. पण दुकानदार, घरमालक, तस्कर, साठेबाज ह्या सगळ्यांच्या वर कुणीतरी बसलेला आहे, हे दाखवायला इतका अवाढव्य खलनायक लागला असावा, हे तुमचं वाचून लक्षात आलं. छोट्या दुकानदारापासून थेट सिंहासनापर्यंत एकच साखळी जाते.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. आमच्या मराठी मंडळात मुलांना जुने सिनेमे दाखवतो, त्यात हा दोन वेळा झाला. इथली मुलं संगणकावर बनवलेली दृश्यं बघून वाढलेली. मला धाकधूक होती की हवेत तरंगणाऱ्या वस्तू बघून हसतील. झालं उलटंच. तारा आणि कॅमेऱ्यातल्या करामतींवर पीटर परेरांनी ते सगळं उभं केलंय, हे सांगितल्यावर पोरांनी तार शोधायला तोच प्रसंग तीनदा लावायला लावला. एकालाही सापडली नाही. एक मुलगा म्हणाला, "काका, म्हणजे ती वस्तू खरंच तिथे होती?" होती, म्हटलं. त्याला त्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

पोरांच्या गर्दीत आफताब शिवदासानी आणि अहमद खान आहेत, ते शोधायचा खेळही लावता येतो.

पारिजात_७९

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणगाव, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खड्यांची वाटी माझ्याकडेही होती. दुकानदाराला नेऊन दाखवायची होती, धीर झाला नाही." तुमच्या आईंचं कारण कदाचित हेच असेल.

प्रकाशवेडा सर, प्रयोग केला. मखराचा कागद माळ्यावर होताच. लाल पेनची अक्षरं गेली तशी लेक किंचाळली. आता घरात सगळीकडे निळ्या पेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, वर लाल पेनने खरडलेलं. कागदातून बघितलं तरच निळं तेवढं वाचता येतं. टीनाचा प्रश्न तिने परत विचारला. मी एवढंच म्हटलं की घड्याळ एकच होतं आणि मुलं खूप होती. तिने थोडा विचार करून मान हलवली.

आता एक मदत हवी आहे. यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत हा सिनेमा लावायचं ठरलंय. प्रोजेक्टर भावाचा आहे. लेकीला मात्र मागच्या बाजूनेच बघायचाय, मी बसले होते तशी. रीळवाला काका, मागूनही स्वच्छ दिसावं म्हणून पडद्याला कापड कोणतं घेऊ? घरातल्या चादरीवर करून पाहिलं, मागे अगदी अंधुक येतं.

रीळवाला

चादर नको, विणीला घट्ट असते. पातळ मांजरपाट घ्या, धुवून खळ काढलेला. मध्ये शिवण येऊ देऊ नका, चेहऱ्यांवर रेघ दिसते. मोठा पन्हा मिळाला नाही तर शिवण आडवी आणि एकदम खाली घ्या. सुरू करायच्या आधी पडद्यावर पाणी शिंपडा, ओल्या कापडातून उजेड मागे चांगला जातो. पाणी मशीनवर आणि वायरींवर उडणार नाही एवढं बघा. तीन तासांत दोनदा तरी वाळेल, तेव्हा मध्ये थांबून परत शिंपडा. चारी कडांना दोर ओवून ताणा, वारा आला तर पडदा फुगतो. आणि पोरीला पडद्यापासून दहा-बारा फूट लांब बसवा, जवळून नुसते धागे दिसतात.

पारिजात_७९

मांजरपाट उद्याच आणते. काका, गणपतीत पुण्यात असाल तर या. मशीनजवळ खुर्ची ठेवते.

रीळवाला

येतो. खुर्ची मागच्या बाजूला ठेवा. इतकी वर्षं सिनेमे दाखवले, पण मागून कधी बघितला नाही.